जंगू वारा पाहूनच निघे

आमच्या गावात जंगू नरोटेले लोक घमेंडी म्हणत. सडकेच्या कडंनं कोणी हाक मारली, "ओ जंगूभाऊ, कुठी निघाले?" तर हा सरळ पुढं. मान वळवणं नाई, हात दाखवणं नाई. पानटपरीवरचे पोट्टे म्हणत, "बुढ्याले लय माज आहे. शिकारी आहे ना!" मी ऐकून घ्यायचो आणि दात ओठ खात गप्प बसायचो. माज कायचा, डोंबलाचा! त्याले ऐकूच येत नव्हतं. पण ही गोष्ट गावात फक्त मले माहीत होती, आणि त्याच्या कोंबड्याले.

मी हरिदास उंदिरवाडे. मी शिकारी नाई, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्या धानाच्या बांध्या आहेत, दोन्ही टोंगळे दुखतात, पाय वाकत नाईत, आणि आमची अंजना म्हणते तसा मी फुकटचा बोलका माणूस आहे. जंगूची अन् माझी संगत पोट्टे होतो तेव्हापासूनची. तो गोंड, आम्ही बौद्ध, आणि मधात एक कुडाची भिंत. तो रानकोंबडा आणे, अंजना रांधे, आणि खायले मी सगळ्यात पहिले बसे. शिकारीले बंदी आहे, ते मले माहीत आहे, कायदा मले शिकवू नका. जंगूले बी माहीत होतं. म्हणून तो हिवाळ्यात एखाददोनदाच जाये, घरापुरता आणे, आणि विकायचं कोणी नाव काढलं तर त्याच्या अंगावर धावून जाये.

ही शिकार कशी असते ते सांगतो, नाईतर पुढचं डोस्क्यात शिरणार नाई. एक पाळलेला कोंबडा घ्यायचा, बोलका आणि भांडखोर. त्याले जंगलात नेऊन खुंटीले पायानं बांधायचा. त्याच्याभोवती बांबूच्या काड्यांवर फासे मांडायचे. आधीचे लोक घोड्याच्या शेपटीच्या केसाचे फासे करत. आता सिरोंच्याकडून मासे धरायचा नायलॉनचा तंगूस येते, त्याचेच करतात. मंग माणसानं झुडपामागं दबून बसायचं. आपला कोंबडा आरवला की रानातला कोंबडा तणतणत येते. माझ्या इलाक्यात हा कोण उपटसुंभ आला, म्हणते, आणि भांडाले धावते. धावला की फाशात पाय अडकते. तेवढ्यात माणसानं झडप घालायची. उशीर केला तर तंगूस तुटते, नाईतर दोन कोंबडे एकमेकाले फाडून ठेवतात.

यात सगळं काम कानाचं आहे. रानकोंबडा कोणत्या बाजूनं बोलला, किती दूर आहे, वाळल्या पानावर त्याचे पाय खसखस वाजून राह्यले काय, हे ऐकावं लागते. तो जवळ आला अन् तुम्ही खोकलले, की संपलं. आणि जंगूचे नेमके कानच गेले. एकदम नाई, हळूहळू. आधी पाखरं ऐकू येईना, मंग माणसं. त्याच्या पोरीनं, स्वातीनं, चंद्रपूरहून कानाची मशीन आणून दिली. घरात ती बरी चाले. जंगलात वारा आला की तिच्यात नुसतं घों घों. "हरिदास, डोस्क्यात राईस मिल चालू होते रे," म्हणे. त्यानं ती मशीन काढून तांदळाच्या डब्यात ठेवून दिली, आणि पोरीले सांगितलं, रोज लावतो.

हा कानानं शिकार करतच नाई, असा मले पहिला संशय आला तो वाऱ्यामुळं. पुसाच्या महिन्यात आमच्याकडं कधी कधी असं गार वारं सुटते की ढोरं बी गोठ्यातून बाहेर निघत नाईत. अशा दिवशी कोणताच शिकारी जात नाई. बांबू कुरकुरतात, पानं उडतात, कोण कुठून बोलून राह्यलं, काई पत्ता लागत नाई. आणि हा बाबा सकाळी अंगणात उभा राहून मोहाचे शेंडे पाहे. शेंडे हालत असले की निघे, नाईतर घरीच बसे. मी एकदा त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन विचारलं, "जंग्या, याड लागलं काय तुले? वाऱ्यात काऊन जातं?"

त्यानं माझ्या ओठाकडं पाहिलं आणि हसला. "वाऱ्यात रानकोंबडा बी बहिराच असते," म्हणे. "माझ्या पायाचा आवाज त्याले नाई, त्याचा मले नाई. बरोबरीचं झालं. अन् वाऱ्यात तो पहाडीवर राहत नाई, नाल्याच्या खोलगटात येऊन बसते. हुडकायची बी गरज नाई."

"अरे, पण तो कोणत्या बाजूनं येऊन राह्यला, हे तुले कसं समजते?"

"कोतवाल सांगते ना!"

कोतवाल म्हणजे त्याचा कोंबडा. तांबडा-काळा, छाती काढून चालणारा, आमच्या अंजनाच्या कोंबड्यांवर हक्क गाजवणारा. त्याले रानकोंबड्याचा आवाज ऐकू आला की त्याच्या मानेवरची पिसं उभी राहत आणि चोच त्या बाजूले फिरे. आवाज जवळ आला की पिसं आणखी फुलत. जंगू झुडपामागून फक्त कोतवालाची मान पाहत बसे. मले तर हे समजल्यावर हसावं की रडावं, तेच कळेना. कोणाले सांगू नको म्हणाला. मी नाई सांगितलं. अंजनाले बी नाई, आणि तिच्यापासून गोष्ट लपवणं काय असते ते आमच्या घरी येऊन पाहा.

स्वाती चंद्रपूरले एका दवाखान्यात नर्स आहे. भाड्याची खोली करून राहते. आई गेल्यापासून तिचा बापापाठी एकच धोसरा, चंद्रपूरले चला. यंदा पुसात सुटी काढून आली ती ठरवूनच आली. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. सूरजागडच्या पहाडावरून खनिज घेऊन ट्रक निघतात, ते आमच्याच सडकेनं जातात. सकाळी थोडं मोकळं असते, मंग दिवसभर एकामागं एक. आणि गाव आहे सडकेच्या अलीकडं, जंगल पलीकडं.

"बाबा, तुम्हाले ऐकू येत नाई. एखाद्या दिवशी ट्रकखाली जासान," तिनं आमच्या ओसरीवर बसून तोंडावर सांगितलं.

"मी बहिरा नाई," जंगू म्हणे. "थोडं कमी येते."

"थोडं?"

"थोडं."

बापलेकीत असं बराच वेळ चाललं. शेवटी जंगूनं बाहेर पाहिलं, मोहाचे शेंडे पाहिले, आणि म्हणाला, "उद्या वारा सुटन. तू संगं चल. वाऱ्यात मी रानकोंबडा धरला, तर माझे कान चांगले आहेत. मंग तू एकटी जाशील आणि हा विषय पुन्हा काढायचा नाई. नाई धरला, तर मुकाट्यानं तुझ्यासंगं येतो."

स्वातीनं माझ्याकडं पाहिलं. "काका, वाऱ्यात भेटते काय?"

"लय कठीण आहे, पोरी," मी म्हणलं. ते खरंच होतं. कोणत्याही दुसऱ्या शिकाऱ्याले कठीणच होतं.

ती हो म्हणाली. जंगू हरला असता तर त्या कुडाच्या भिंतीपलीकडं नुसता खोकलणारा बी माणूस राह्यला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी असं हीव होतं की बोलताना दात वाजून राह्यले होते. वारा तर कान कापून नेत होता. सडक मोकळी होती. जंगूच्या खांद्यावर झोळी, झोळीतून कोतवालाचं डोस्कं बाहेर. मागं स्वाती, शालीत गुंडाळलेली, आणि तिच्या मागं मी, टोंगळ्याले शिव्या देत. मले कोणी बोलावलं नव्हतं. पण पैज त्यांची असली तरी जीव माझा टांगलेला होता.

नाल्यात उतरलो तसा वारा डोक्यावरून जाऊ लागला. वर बांबू करकरत होते, खाली बरं होतं. जंगूनं कोतवालाले दोन्ही हातांत धरलं आणि स्वतः जागच्या जागी हळूहळू फिरला.

"बाबा काय करून राह्यले?" स्वातीनं कानात विचारलं.

"गप राह्य."

फिरता फिरता एका बाजूले कोतवालाची मान ताठ झाली. जंगू थांबला. तिकडं तोंड करून त्यानं खुंटी ठोकली, फासे मांडले, वाळली पानं पसरली, आणि आम्ही करवंदीच्या जाळीमागं दबून बसलो. थंडीनं माझं नाक गळत होतं. एकदा खोकला दाबता दाबता निसटलाच. जंगूनं माझ्याकडं असं पाहिलं की खावो का गिळो. त्याले खोकला ऐकू आला नव्हता, माझे खांदे हाललेले दिसले होते!

कोतवाल आरवला. वाऱ्यानं त्याचा आवाज पार वरच्यावर उचलून नेला. पुन्हा आरवला. मले कुठूनच काई ऐकू येईना, आणि माझे कान तर धडधाकट आहेत. मंग कोतवालाची पिसं उठली आणि पडली. थोड्या वेळानं पुन्हा उठली, आता डाव्या अंगाले. मी डावीकडं पाहिलं, तर नुसते बांबू. मंग पिसं अशी फुलली की कोतवालाची मान दुप्पट झाली आणि तो खाली वाकला. जंगू तेव्हाच टोंगळ्यावर उठला होता. मंग मले तो रानकोंबडा दिसला. मान सोनेरी, शेपूट काळंशार, डोस्कं जमिनीले लावून सुसाट आला तो. फडफड झाली, धुरळा उडाला, आणि धुरळ्यात जंगू पालथा पडलेला. उठला तेव्हा कोंबडा त्याच्या हातात होता.

मले एवढा आनंद झाला की मी ओरडलोच, "शाब्बास रे वाघा!" स्वाती बी हसत होती, तोंड उघडं टाकून, लहानपणी हसे तशी. मंग तिचं हसू कमी झालं.

"काका," ती म्हणाली, "बाबा कोंबड्याकडं पाहून ऐकतात ना?"

"पैज ती पैज आहे," मी म्हणलं. "कोंबडा हातात आहे."

"हो," ती म्हणाली. "जिंकले ते. मी एकटीच जाईन."

पोरगी शब्दाची पक्की. बापावरच गेली आहे.

आता येतानाची एक रीत आहे. पकडलेला रानकोंबडा जवळ असला की पाळलेला कोंबडा पिसाळते, झोळीतूनही चोची मारते. म्हणून येताना त्याले तोंडावर दुपट्टा बांधून झोळीत अंधारात घालतात. जंगूनं तसंच केलं. कोतवाल झोळीत, रानकोंबडा पाय बांधून अंगावरच्या घोंगड्याखाली. आणि जंगू असा टेचात पुढं निघाला जसा लग्नातला नवरदेव. एरवी सडकेवर मी त्याच्या संगं संगं चालतो. त्या दिवशी नाल्याचा चढ चढताना माझा टोंगळा धरला, म्हणून स्वाती माझ्यासाठी थांबली. आम्ही मागं पडलो.

सडकेवर ट्रक सुरू झाले होते. आम्ही झाडीतून बाहेर आलो तेव्हा जंगू सडकेच्या मधात होता, घोंगडं छातीशी धरून, आरामात चालत. आणि वळणावरून खनिजाचा भरलेला ट्रक. हॉर्नवर हॉर्न! स्वाती "बाबा!" म्हणून किंचाळली. मी बी ओरडलो. वारा, हॉर्न, आम्ही दोघं, आणि तो माणूस चालतच राह्यला. ट्रकचे चाकं घासत गेले, जळका वास आला, आणि ट्रक त्याच्या अगदी अंगाजवळ येऊन थांबला. तेव्हा कुठं जंगूनं बाजूले पाहिलं.

ड्रायव्हर खाली उतरला. तो हिंदीत जीव खाऊन बोलून राह्यला होता. जंगूनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं, पण हिंदी त्याले ओठावरून वाचता येत नाई. त्याले वाटलं, हा कोंबडा मागून राह्यला. त्यानं घोंगडं आणखी घट्ट धरलं, हसला, आणि म्हणाला, "इकाऊ नाई, भाऊ. घरी खायाचा आहे."

"बहरा है क्या?" ड्रायव्हर माझ्याकडं वळून ओरडला.

स्वातीच बोलली. "हाँ भैया. मेरे बाबा बहरे हैं." मंग तिनं जंगूचा हात धरला आणि ट्रकच्या पुढच्या पत्र्यावर ठेवला. पत्रा गरम होता, थरथरत होता. "भैया, एक बार हॉर्न बजाओ," ती म्हणाली. त्या माणसाले काय समजलं कोण जाणे, पण त्यानं वर चढून हॉर्न दाबला, चांगला लांब.

माझे हात आपोआप कानावर गेले. जंगूनं पत्र्यावरच्या आपल्या हाताकडं पाहिलं, मंग माझ्याकडं. मी कान दाबून उभा होतो. तो माझ्याकडं पाहतच राह्यला. त्याचा चेहरा असा उतरला की मले वाटलं, हे हात तोडून टाकावे.

घरी आलो. अंजनानं कोंबडा रांधला. दुपारी आम्ही जेवाले बसलो, तर मी, मी हरिदास, दुसऱ्यांदा रस्सा मागितला नाई.

"बाबा," स्वाती त्याच्या समोर बसून बोलली, "तुम्ही जिंकले. मी उद्या जाते."

"मी बी येतो," जंगू म्हणाला.

"काऊन? पैज तर..."

"जंगलात जिंकलो ना. जंगलात मले कोतवाल आहे. पण सडक लांघल्याबिगर जंगल येते काय?"

मले राहवलं नाई. "वा रे वा!" मी म्हणलं. "जा! चंद्रपूरले जा, तिथी काय सडका नाई? तिथी तर गल्लीतून मोटारी येतात. इथी मी काय मेलो आहे? मी नेतो तुले हात धरून. रोज नेतो, रोज आणतो!" म्हातारपणी रडू आलं तर आलं, त्यात काय लपवायचं?

जंगूले सगळं समजलं नसन, पण 'हात धरून' एवढं समजलं. "टपरीसमोरून?" त्यानं विचारलं. "पोट्ट्यासारखा हात धरून? सगळ्या गावादेखत?"

"बाबा, काकांनं हात धरला तर मी काई म्हणत नाई," स्वाती म्हणाली. "मंग खुशाल राहा इथी. नाई धरू द्यायचा, तर माझ्यासंगं चला. तुम्ही ठरवा."

जंगू उठला. हात धुतले आणि कोतवालाले दाणे टाकायले निघून गेला.

सकाळी बसच्या वेळेवर आम्ही सडकेवर आलो, तर जंगूच्या हातात बी पिशवी होती. मी पिशवीकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं. आमची बस पानटपरीसमोरच थांबते. टपरीवर नेहमीचे सगळे होते, हात शेकत, वाऱ्याले नावं ठेवत. कोणीतरी हाक मारली, "काय जंगूभाऊ, शहरात निघाले?" जंगू अर्थातच बोलला नाई. "पाहा, आहे का नाई माज?" कोणीतरी म्हणालं.

बस आली. स्वाती चढली, खिडकीत बसली. कंडक्टर म्हणे, "चला बुढेबुवा, लवकर." जंगूचा एक पाय पायरीवर होता. तो पलीकडं पाहत होता. सडकेपलीकडं झाडांचे शेंडे जोरात हालून राह्यले होते.

त्यानं पाय खाली घेतला. पिशवी टपरीच्या बाकावर ठेवली, मधात बसलेल्या माणसाले सरकवून. मंग माझ्याजवळ आला आणि हात पुढं केला.

खिडकीतून स्वाती पाहत होती. बस निघाली तरी ती मान मागं वळवून पाहतच होती. टपरीवरचा एक पोट्टा फिसकन हसला. त्याले मी त्याच्या सात पिढ्यांसकट अशी शिवी घातली की तो उठून आतच गेला. जंगूले ती ऐकू आली नाई, याचं मले आजही वाईट वाटते.

एक ट्रक गेला. दुसरा गेला. जंगूचा हात गारठलेला होता, आणि त्यानं माझी बोटं घट्ट धरली होती. सडक मोकळी झाली.

"चल," मी म्हणलं.

त्याले ऐकू आलं नाई. तो चालला.